प्रकाशातून उमटणारा आवाज: १६ मिमीची बोलकी फिल्म घरी कशी चालवावी

मुंबईच्या चोरबाजारात, पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा एखाद्या शाळेच्या अडगळीच्या खोलीत १६ मिमीचा प्रोजेक्टर हाती लागतो. दिवा पेटतो, मोटर फिरते, पडद्यावर चित्रही येतं. आवाज मात्र येत नाही, किंवा येतो तो घोगरा, डळमळणारा, शब्द न कळणारा. अशा वेळी बहुतेक जण अ‍ॅम्प्लिफायर बिघडला असं धरतात आणि यंत्र रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे नेतात. खरं तर ऑप्टिकल, म्हणजे प्रकाशानं वाचल्या जाणाऱ्या, आवाजाचे बरेच दोष अ‍ॅम्प्लिफायरच्या आधीच घडलेले असतात: मळलेल्या भिंगात, काळवंडलेल्या छोट्या दिव्यात, सुकलेल्या बेअरिंगमध्ये किंवा चुकीच्या लूपमध्ये, म्हणजे फिल्मच्या सैल सोडलेल्या वळणात. हे सगळं घरी, स्वतःच्या हातानं तपासता येतं. त्यासाठी प्रकाश कुठून निघतो आणि कुठे पोचतो हे समजून घ्यायचं आणि त्याच वाटेनं एकेक टप्पा पाहत जायचं.

गणपतीत चाळीच्या चौकात किंवा गल्लीत पडदा लावून दाखवलेले सिनेमे, शाळेत दाखवलेले फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट, फिल्म सोसायटीचे खेळ हे सगळं बरंचसं १६ मिमीवरच चालायचं. त्यामुळे आपल्याकडे जुनी रिळं अजूनही सापडतात आणि त्यातली बहुतेक ऑप्टिकल आवाजाची असतात. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. सुपर ८ बद्दल शेवटाकडे थोडं येईल.

आधी हातातली फिल्म ओळखा

फिल्म उजेडासमोर धरा. दोन्ही कडांना भोकं असतील तर ती मूक फिल्म. एकाच कडेला भोकं आणि दुसऱ्या कडेला चित्राशेजारी अरुंद पट्टा दिसला तर बोलकी. १६ मिमी फिल्म १९२३ मध्ये आली ती मूक होती. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला आवाज आला तेव्हा एका बाजूची भोकं काढून त्या जागेत ध्वनिपट्टा बसवला गेला.

आता पट्टा नीट पाहा. तपकिरी, गंजाच्या रंगाचा, अपारदर्शक आणि फिल्मच्या पृष्ठभागावर लेप दिल्यासारखा असेल तर तो मॅग्नेटिक. ऑप्टिकल पट्टा पारदर्शक असतो आणि त्यावर आवाज डोळ्यांना दिसतो. एका प्रकारात पांढऱ्या-काळ्या सीमेची नागमोडी रेघ असते, कधी एकेरी तर कधी दोन्ही बाजूंना सारखी. यात आवाजानुसार पारदर्शक भागाची रुंदी बदलते. दुसऱ्या, जुन्या प्रकारात पूर्ण रुंदीवर करड्या रंगाच्या फिकट-गडद आडव्या रेघा असतात आणि आवाजानुसार गडदपणा बदलतो. प्रोजेक्टरला दोन्ही सारखेच, कारण त्याला फक्त किती प्रकाश पलीकडे गेला एवढंच कळतं.

रंगीत प्रिंटमध्ये आणखी एक गोष्ट बघून ठेवा. चित्र रंगीत असूनही पट्टा काळा-करडा असेल तर त्यात चांदी शिल्लक आहे आणि आवाज जोरकस येईल. पट्टाच जांभळट किंवा निळसर असेल तर आवाज हळू आणि खरखरीचा येण्याची शक्यता धरा. साध्या दिव्याच्या प्रकाशात अवरक्त किरण भरपूर असतात, प्रकाश वाचणारा सिलिकॉनचा सेल त्यांनाच जास्त दाद देतो आणि रंगद्रव्यातून ते जवळजवळ अडथळ्याविना निघून जातात. हा दोष तुमच्या यंत्राचा नाही.

मूक प्रोजेक्टरवर बोलकी फिल्म कधीच चढवू नका

हे ठळक करून सांगायचं कारण असं, की इथे झालेलं नुकसान परत भरून येत नाही. मूक काळातल्या घरगुती प्रोजेक्टरच्या दातेरी चाकांना, म्हणजे स्प्रॉकेटना, दोन्ही बाजूंना दात असतात. बोलक्या फिल्मच्या एका बाजूला भोकंच नसतात. तिथले दात थेट ध्वनिपट्ट्यात घुसतात आणि रीळ संपेपर्यंत प्रत्येक फ्रेमला एक भोक पाडत जातात. विकत घ्यायच्या आधी स्प्रॉकेटकडे बघा: दात एकाच बाजूला असतील तरच पुढे जा. बोलक्या प्रोजेक्टरवर मूक फिल्म चालवायला मात्र हरकत नाही, फक्त आवाज बंद ठेवा. नाहीतर ध्वनिपट्ट्याच्या जागेवरून जाणारी भोकं प्रकाश कापतात आणि स्पीकरमधून सेकंदाला २४ वेळा फडफड ऐकू येते.

आवाज वाचला जातो तो कसा

प्रोजेक्टरमध्ये दोन दिवे असतात. मोठा चित्रासाठी, आणि दुसरा अंगठ्याएवढा, त्याला एक्सायटर दिवा म्हणतात. त्याचा प्रकाश एका छोट्या नळीतल्या भिंगांतून आणि फटीतून जाऊन फिल्मवर अतिशय बारीक आडवी रेघ पाडतो. ही रेघ सुमारे १.८ मिमी रुंद आणि एका मिलिमीटरच्या जेमतेम ऐंशीव्या भागाएवढी जाड असते. ध्वनिपट्टा या रेघेसमोरून सरकतो, पलीकडे पोचणारा प्रकाश कमीजास्त होतो, फोटोसेल त्याचं विजेत रूपांतर करतो आणि तिथून पुढे अ‍ॅम्प्लिफायरचं काम सुरू होतं.

रेघ एवढी बारीक का, ते एका हिशेबावरून कळतं. १६ मिमी फिल्म २४ फ्रेमच्या वेगानं मिनिटाला ३६ फूट, म्हणजे सेकंदाला साधारण १८३ मिमी जाते. ६,००० हर्ट्झचा सूर या वेगानं फिल्मवर जेमतेम ०.०३ मिमी जागा घेतो. प्रकाशाची रेघ थोडी जाड किंवा तिरकी झाली, की वरचे सूर पुसट होतात आणि ‘स’, ‘श’, ‘च’ हे वर्ण हरवतात. ३५ मिमी फिल्म याच्या अडीचपट वेगानं जाते, म्हणून तिच्यात ही अडचण कमी. १६ मिमीत चूक खपत नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. चित्राच्या खिडकीत, म्हणजे गेटमध्ये, फिल्म झटक्यानं पुढे सरकते, थांबते, पुन्हा सरकते. आवाज वाचताना मात्र ती एकसारखी वाहायला हवी. म्हणून आवाज गेटमध्ये न वाचता पुढे एका गुळगुळीत ड्रमवर वाचतात. ड्रमच्या पाठीमागे जड फ्लायव्हील असतं, ते वेग स्थिर ठेवतं. या अंतरामुळे १६ मिमी ऑप्टिकल प्रिंटमध्ये प्रत्येक चित्राचा आवाज त्याच्या २६ फ्रेम पुढे छापलेला असतो. (मॅग्नेटिकमध्ये हे अंतर २८ फ्रेम.) २६ फ्रेम म्हणजे सुमारे १९८ मिमी फिल्म, एका सेकंदापेक्षा थोडी जास्त. गेट आणि ड्रम यांच्यात फिल्म नेमकी एवढीच असली पाहिजे. ओठ आणि शब्द जुळणं पूर्णपणे यावर अवलंबून आहे.

रीळ चढवण्याआधीची तपासणी

डबा उघडला की आधी वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास म्हणजे अ‍ॅसिटेटचा पाया कुजायला लागला आहे. मुंबई-कोकणातल्या दमट हवेत हे फार लवकर होतं आणि सुरू झालं की थांबत नाही, फक्त मंदावता येतं. असं रीळ बाकीच्यांपासून लगेच वेगळं ठेवा, कारण त्याची आम्लवाफ शेजारच्या रिळांनाही लागते. १६ मिमी सहसा सेफ्टी बेसवरच, म्हणजे सहज न पेटणाऱ्या पायावर, असते, त्यामुळे जुन्या ३५ मिमी नायट्रेटसारखा भडक्याचा धोका इथे नाही. ३५ मिमीचं जुनं रीळ मिळालं आणि ते नायट्रेट असल्याची शंका जरी आली, तरी ते घरात ठेवू नका.

नंतर आकुंचन मोजा. साध्या स्टीलच्या टेपनं जमतं. फिल्म टेबलावर सपाट पसरा, एका भोकाच्या वरच्या कडेपासून पुढची १०० भोकं मोजा आणि तिथल्या भोकाच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या. चांगल्या प्रिंटमध्ये हे ७६२ मिमी भरतं. ७५६ च्या आसपास आलं तर फिल्म ०.८ टक्के आखडली आहे, ती चालवताना हात स्विचवरच ठेवायला लागेल. ७५४ पर्यंत खाली गेलं तर चालवूच नका. फिल्म पुढे ओढणाऱ्या पंजाचे दात भोकात बसणार नाहीत आणि ते कडा फाडत जातील. रिळाच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी असं तीन जागी मोजा, कारण बाहेरचे वेढे आतल्यांपेक्षा जास्त आखडलेले असतात.

मग रीळ हातानं दुसऱ्या रिळावर उलटवत न्या आणि कडेवर बोट हलकं टेकवून ठेवा. फाटलेलं भोक किंवा सुटत आलेला सांधा बोटाला लगेच कळतो. पातळ सुती हातमोजा घाला, नाहीतर कड बोट कापते आणि घामाचे ठसे फिल्मवर बसतात. जुने चिकटपट्टीचे सांधे पिवळे पडून चिकट झालेले असतील तर काढून १६ मिमीच्या भोकंवाल्या स्प्लायसिंग टेपनं नव्यानं जोडा. साधा सेलोटेप वापरू नका, त्याचा गोंद पाझरून शेजारच्या वेढ्यांना चिकटतो. फिल्म सिमेंटनं, म्हणजे फिल्म जोडायच्या द्रवानं, केलेल्या सांध्यावर ध्वनिपट्ट्यात उजळ फट राहिली असेल तर तिथे ‘टप’ असा आवाज येतो. त्या जागी पट्ट्यावर काळ्या शाईनं लहान त्रिकोण काढायची जुनी रीत आहे. प्रकाश हळूहळू कमी होऊन हळूहळू वाढतो आणि ठोका दबतो.

सांधा करताना ध्यानात ठेवा: तुम्ही काढलेल्या फ्रेमशेजारचा आवाज त्या फ्रेमचा नाही, तो २६ फ्रेम मागून येणाऱ्या चित्राचा आहे. म्हणून सांध्यावर आधी चित्र उडी मारतं आणि साधारण सेकंदभरानं आवाज. शक्य तितक्या कमी फ्रेम काढा.

फिल्म धुळकट असेल तर मऊ, धागे न सुटणाऱ्या कापडाच्या घडीतून ती हळू ओढा. तेलकट डागांसाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं, पण आधी लीडरवर, म्हणजे सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीवर, थोडं लावून बघा आणि गुंडाळण्याआधी फिल्म पूर्ण सुकू द्या. पाणी लावू नका.

यंत्राची वीज

इथे आपल्याकडे नेहमी होणारी एक फसगत आहे. अमेरिकेतून आलेलं यंत्र ११० व्होल्टचं असतं, म्हणून लोक स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर आणतात. दिवा लागतो, चित्र दिसतं, पण माणसं जड आणि संथ आवाजात बोलतात. कारण ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. साध्या एसी मोटरचा वेग हर्ट्झवर ठरतो. ६० हर्ट्झसाठी बांधलेली मोटर आपल्या ५० हर्ट्झवर सहाव्या भागानं हळू फिरते आणि २४ ऐवजी २० फ्रेम चालतात. पुष्कळ यंत्रांत मोटरच्या दांड्यावर दोन मापांच्या कप्प्या असतात, एक ५० साठी आणि एक ६० साठी. मागचं झाकण काढून पट्टा योग्य कप्पीवर सरकवला की काम झालं. तशी सोय नसेल तर नेमक्या मापाची मोठी कप्पी लेथवर करून घ्यावी लागते. यंत्र विकत घेताना पाटीवर काय लिहिलंय ते बघाच.

बरीच वर्षं पडून राहिलेलं यंत्र थेट चालू करू नका. आधी हातानं फिरवण्याच्या खुंटीनं पूर्ण चक्र फिरवा. अडखळलं तर ग्रीस सुकून गोंद झालं आहे, ते काढून नवं लावा. काही स्वयंचलित यंत्रांत प्लास्टिकचा वर्म गिअर असतो, तो जुनेपणानं तडकतो. आवाजात नियमित टकटक ऐकू आली तर तिथे पाहा. रबरी पट्टे चिकट किंवा कडक झाले असतील तर बदला.

व्हॉल्व्हच्या जुन्या यंत्रांबद्दल सावधगिरी हवी. आत शेकडो व्होल्ट असतात, काही जुन्या फोटोसेललाही ९० व्होल्टच्या आसपास पुरवठा असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. हे काम येत नसेल तर जाणकाराकडेच द्या. अशा यंत्राचा अ‍ॅम्प्लिफायर स्पीकर न जोडता चालू ठेवू नये, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

प्रकाशाच्या वाटेनं साफसफाई

आता मुख्य काम. कापसाच्या काड्या, आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश, लाकडी काडी आणि छोटी टॉर्च एवढं पुरतं. गेट किंवा ड्रम खरवडायला धातूचं काहीही वापरू नका. तिथे पडलेला एक ओरखडा पुढच्या प्रत्येक प्रिंटवर रेघ ओढतो.

सुरुवात एक्सायटर दिव्यापासून. अ‍ॅम्प्लिफायर चालू केल्यावर तो लागतोय का ते बघा. व्हॉल्व्हच्या काही यंत्रांत व्हॉल्व्ह तापल्यावरच तो उजळतो, तेव्हा थोडं थांबा. काचेला आतून काळपट झाक आली असेल तर दिवा पेटत असूनही बदला, आवाजाचा जोर आणि स्वच्छता दोन्ही परत येतात. व्होल्ट आणि अँपिअर जुन्या दिव्याचेच हवेत. ४ व्होल्ट, ०.७५ अँपिअर हा प्रकार बऱ्याच यंत्रांत आढळतो. बसवताना काचेला बोट लावू नका आणि बुडाची खाच नीट बसली आहे ना ते तपासा. फिलामेंट थोडी जरी तिरकी राहिली तरी फटीवर प्रकाश अर्धवट पडतो. एक सूचना: काही यंत्रांत या दिव्याला उच्च वारंवारतेचा पुरवठा असतो, म्हणजे फिलामेंटची गुणगुण आवाजात उतरत नाही. साधा मल्टिमीटर तो नीट मोजत नाही, त्यामुळे मीटरवर कमी व्होल्ट दिसले म्हणून घाबरू नका.

पुढे भिंगाची नळी. जुन्या तेलाचा पातळ थर तिच्या फिल्मकडच्या टोकावर जवळजवळ नेहमीच सापडतो आणि तो उजेडाशिवाय दिसत नाही. अल्कोहोलनं ओली केलेली काडी गोल फिरवा, मग कोरडी. नळीचा स्क्रू ढिला करू नका. तिचा कोन कारखान्यात बसवलेला असतो आणि तो बिघडला की घरी परत आणणं कठीण.

मग ड्रम. त्याच्या कडेला फिल्ममधून सुटलेल्या मेणाचा आणि धुळीचा किटण जमतो. कापड लावून तो पूर्ण गोल पुसा, मग बोटानं फिरवून सोडून द्या. तो बराच वेळ शांतपणे फिरत राहिला पाहिजे. लगेच थांबला किंवा खरखर ऐकू आली तर बेअरिंगला एखादाच थेंब हलकं तेल द्या, आणि ते ड्रमच्या पृष्ठभागावर येणार नाही याची काळजी घ्या. फिल्मला ड्रमवर दाबून धरणारं रबरी चाक एका जागी चपटं झालंय का तेही बघा. शेवटी फोटोसेलची खिडकी किंवा त्याच्याकडे प्रकाश नेणारा छोटा आरसा मऊ ब्रशनं साफ करा.

आता परीक्षा. फिल्म न लावता अ‍ॅम्प्लिफायर चालू करा, आवाज मध्यावर ठेवा आणि जाड कागदाची पट्टी ड्रमजवळच्या प्रकाशातून झटकन खाली-वर करा. स्पीकरमधून ‘धप धप’ आलं तर दिव्यापासून स्पीकरपर्यंतची सगळी वाट जिवंत आहे. आलं नाही तर फिल्म चढवण्यात अर्थ नाही, दोष आधी शोधा.

फिल्म गुंफणे आणि लूप

खालचं रिकामं रीळ वरच्या भरलेल्या रिळाएवढं किंवा मोठंच घ्या. ४०० फुटांत सुमारे ११ मिनिटं, १,२०० फुटांत ३३, १,६०० फुटांत ४४ मिनिटं मावतात. भोकं स्प्रॉकेटच्या दातांच्या बाजूला येतील अशा रीतीनं रीळ लावा. बाजू उलटी झाली असेल तर इथेच थांबा.

वरचा स्प्रॉकेट, वरचा लूप, गेट, खालचा लूप, ड्रम, ताण देणारं चाक, खालचा स्प्रॉकेट आणि मग रिकामं रीळ, असा मार्ग साधारण सगळीकडे असतो. यंत्राच्या अंगावर लूपच्या आकाराची रेघ काढलेली असते, ती तंतोतंत पाळा. वरच्या लूपचा आवाजाशी संबंध नाही, तो फक्त चित्र हलू नये म्हणून. खालच्या लूपवर मात्र सगळं अवलंबून आहे. तो एका फ्रेमनं लहान झाला तर आवाज एका फ्रेमनं सरकतो आणि तीन-चार फ्रेमचा फरक प्रेक्षकाला खुपायला लागतो. लूप फारच लहान झाला तर गेटमधला झटका थेट ड्रमपर्यंत पोचतो आणि आवाज थरथरतो. ड्रमवर फिल्म घट्ट, सपाट बसली पाहिजे, ढिली राहिली तर वाचनरेघेसमोर ती मागेपुढे होते.

स्वयंचलित गुंफणीच्या यंत्रात लीडरचं टोक यंत्रावरच्या कातरीनं कापून मगच आत सारा. फाटकं टोक आत अडकलं की चुरगळत जातं. मोटर चालवण्याआधी हातखुंटीनं दोन-चार फ्रेम पुढे नेऊन दोन्ही लूप टिकतात का ते बघा. नंतर मोटर, मग दिवा. क्रम उलटा करू नका, थांबलेल्या फ्रेमवर मोठा दिवा पडला तर फिल्म वितळते.

कानानं जुळवणं

फ्लायव्हीलला वेग पकडायला काही सेकंद लागतात. लीडर निघून जाईपर्यंत आवाज शून्यावर ठेवा आणि मग हळू वाढवा. नाहीतर सुरुवातीचं संगीत खालून वर घसरत येतं.

अनेक यंत्रांवर आवाजाच्या फोकसची कळ असते. कोडॅकच्या पेजंट यंत्रांवर तिला ‘फिडेलिटी कंट्रोल’ म्हटलं आहे. बरेच जण तिला हातच लावत नाहीत, आणि घरच्या खेळाचा आवाज सुधारण्याचा सगळ्यात सोपा उपाय मात्र हाच आहे. काही प्रिंटमध्ये इमल्शनची, म्हणजे चित्र आणि पट्टा उमटलेल्या थराची, बाजू पडद्याकडे असते, काहींत दिव्याकडे. फिल्मची जाडी सुमारे ०.१५ मिमी, आणि प्रकाशरेघ तर त्यापेक्षा कितीतरी बारीक, त्यामुळे इमल्शन कोणत्या बाजूला आहे यावर रेघ धारदार किंवा पसरट पडते. संवाद चालू असताना कळ एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवा. जिथे ‘स’ आणि ‘श’ सर्वांत टोकदार ऐकू येतील, जिथे खरखरही थोडी वाढेल, तीच योग्य जागा. खरखर कमी वाटते म्हणून पसरट जागेवर ठेवू नका. वरचे सूर जायचे असतील तर ते टोन कंट्रोलनं नंतर कमी करता येतात, पण न वाचलेला सूर परत मिळत नाही. प्रत्येक रिळाला हे नव्यानं करा.

ओठांची जुळणी तपासायला दरवाजा आपटण्याची किंवा टाळीची जागा शोधा. तशी नसेल तर जवळून घेतलेल्या चेहऱ्याच्या दृश्यात प, ब, म हे वर्ण पकडा. या ओष्ठ्य वर्णांना ओठ मिटतातच, त्यामुळे फरक लगेच दिसतो. शब्द आधी ऐकू आला आणि ओठ नंतर मिटले तर गेट ते ड्रम फिल्म कमी आहे, लूप वाढवा. ओठ आधी मिटले तर लूप मोठा झाला आहे. संपूर्ण प्रिंटमध्ये सगळीकडे सारखाच फरक असेल आणि तुमचा लूप बरोबर असेल तर दोष छपाईतला आहे. तेव्हा लूप एखाद-दोन फ्रेम हलवून जमवून घेता येतं.

वेग स्थिर आहे का हे बोलण्यावरून कळत नाही. त्यासाठी तानपुरा, संवादिनी किंवा व्हायोलिनचा लांब सूर असलेली जागा शोधा. सूर हलत असेल तर ड्रम, रबरी चाक, ताण देणारा हात आणि खालचा लूप या क्रमानं बघा.

गुणगुण आणि खरखर कुठून येते

सतत गुणगुण येत असेल तर एक्सायटर दिव्यासमोर काळा पुठ्ठा धरा. गुणगुण तशीच राहिली तर अ‍ॅम्प्लिफायरचे जुने कपॅसिटर संशयित, किंवा खोलीतली ट्यूबलाइट अथवा स्वस्त एलईडी फोटोसेलवर पडतेय. थांबली तर एक्सायटर दिव्याच्या पुरवठ्यात दोष आहे. आपल्या ५० हर्ट्झवर खोलीतले असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि सेल ते इमानदारीनं ऐकवतो. खोलीतला दिवा बंद केला तर बऱ्याचदा हा प्रश्न तिथेच मिटतो.

चरचर म्हणजे सहसा पट्ट्यावरची धूळ आणि ओरखडे. आवाज अचानक अगदी क्षीण झाला तर ड्रमजवळ फिल्मचा तुकडा किंवा केस अडकलाय का बघा. आवाज स्वच्छ पण पोकळ असेल तर भिंगाची नळी पुन्हा साफ करा.

स्पीकर पडद्यापाशी

अंगच्या स्पीकरवर बोलपट ऐकणं म्हणजे माणूस समोर आणि शब्द पाठीमागून. यंत्राच्या घरघरीतही तो आवाज बुडतो. स्पीकरच्या सॉकेटमधून लांब वायर काढून पडद्याशेजारी स्पीकर ठेवा. मागे किती ओहम लिहिलंय ते बघून तेवढाच किंवा त्याहून जास्त ओहमचा जोडा. मोठे वूफर नकोत. १६ मिमीचा पट्टा साधारण पाच-सहा हजार हर्ट्झपर्यंतच जातो आणि संवादाला मधल्या पट्टीचा चांगला स्पीकर पुरतो. आधुनिक अ‍ॅम्प्लिफायर वापरायचा असेल तर लाइन आउट असल्यास तिथून घ्या. स्पीकरचं सॉकेट थेट लाइन इनला जोडू नका, मध्ये पातळी कमी करणारा अ‍ॅटेन्युएटर हवा.

पडद्याचा हिशेबही सांगून ठेवतो: १६ मिमीची चित्रचौकट सुमारे ९.६५ मिमी रुंद असते, त्यामुळे ५० मिमी लेन्सनं ५ मीटरवर साधारण ९६ सेंटीमीटर रुंद चित्र पडतं आणि ३८ मिमीनं १२७. घरच्या खोलीला ३८ची लेन्स सोयीची.

सुपर ८ असेल तर

घरगुती सुपर ८ बोलक्या यंत्रांपैकी बहुतेक फक्त मॅग्नेटिक आवाज वाचतात. त्यांवर ऑप्टिकल सुपर ८ प्रिंट चालेल, पण मुकी. ऑप्टिकल वाचायला एक्सायटर दिवा असलेलंच यंत्र लागतं. एल्मोच्या एसटी-१२०० आणि जीएस-१२०० या मालिकांत दोन्ही प्रकार वाचणारी यंत्रं निघाली होती. सुपर ८ मध्ये मॅग्नेटिक आवाज १८ फ्रेम पुढे आणि ऑप्टिकल २२ फ्रेम पुढे असतो, म्हणून यंत्रावरची निवड-कळ बरोबर लावा. वेग २४ वरच हवा, १८ वर नाही. फिल्म मिनिटाला २० फूटच जात असल्यानं वरचे सूर १६ मिमीपेक्षाही कमी मिळतात, त्यामुळे भिंगाच्या स्वच्छतेकडे इथे दुप्पट लक्ष द्या.

खेळ संपल्यावर

रीळ जोरात उलटवू नका. सैल वेढे घट्ट करायला फिल्म ओढली की धूळ दोन वेढ्यांत घासते आणि ध्वनिपट्ट्यावर उभे ओरखडे पडतात. सावकाश, एकसारख्या ताणानं गुंडाळा. गंजलेला पत्र्याचा डबा टाकून द्या, हवा खेळती राहील असा प्लास्टिकचा घ्या. पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या कपाटात ठेवा आणि त्या वेळोवेळी बदला. माळ्यावर, पत्र्याच्या छपराखाली किंवा फ्रीजच्या मागे रिळं ठेवू नका. घरातली सगळ्यात थंड आणि कोरडी खोली त्यांना द्या. डब्यावर नाव, लांबी, मोजलेलं आकुंचन आणि तारीख लिहा. पुढच्या वर्षी तोच आकडा पुन्हा मोजला की फिल्म किती वेगानं आखडतेय ते कळेल.

आणि डब्यावर नाव नसलेला जुना मराठी बोलपट, एखाद्या बंद पडलेल्या संस्थेचा माहितीपट किंवा कोणाच्या संग्रहात नोंद न सापडणारी प्रिंट मिळाली, तर ती प्रोजेक्टरवर चढवूच नका. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’ १९३१ मध्ये आला आणि आज त्याची एकही प्रत हाती नाही. अशा रिळाचे पहिले काही फूट उजेडासमोर धरून शीर्षकं वाचा, लिहून घ्या, डबा बंद करा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. तिथे फिल्मवर ताण न देता ती तपासता येते, आणि ध्वनिपट्टाही स्कॅन करून जपता येतो.